‘वास्तववादी’ सिंह की ‘हुबेहूब’ सिंह?

नाशिकरोडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, ‘मुफासा : द लायन किंग’ या २०२४ च्या चित्रपटाच्या परीक्षणात त्यांना ‘वास्तववादी अ‍ॅनिमेशन’ असा प्रयोग आढळला, तो योग्य आहे का, आणि ‘प्रीक्वेल’ला, म्हणजे आधीच्या चित्रपटाच्या कथेपूर्वीची गोष्ट सांगणाऱ्या अशा चित्रपटाला, मराठीत काय म्हणावे?

माझ्या मते ‘वास्तववादी’ येथे चुकीचा आहे. वास्तववाद ही आशयाविषयीची भूमिका आहे, आणि ज्या कथेत सिंह गाणी म्हणतात व राजवंशाचा अभिमान बाळगतात, तिला वास्तववादी म्हणणे अवघडच आहे. ‘वास्तवदर्शी’ हा शब्दही आपण कादंबरीच्या आशयासाठीच वापरतो. येथे सांगायचे आहे ते एवढेच की, संगणकावर घडवलेली आयाळ, गवत आणि पाणी छायाचित्रात दिसावे तसे दिसते. त्यासाठी ‘छायाचित्रसदृश’ हा काटेकोर शब्द आहे, पण तो जिभेवर रुळणारा नाही. ‘हुबेहूब’ मात्र घरोघरी बोलला जातो. तो फारसीतील ‘हू-ब-हू’वरून आला असून त्यातील ‘हू’ म्हणजे अरबीतील ‘तो’. म्हणजेच हुबेहूब म्हणताना कोणासारखे, हा प्रश्न सुटत नाही. मूळ वस्तू समोर धरावीच लागते.

या चित्रपटांवरची टीका नेमकी याच मुद्द्यापाशी येते. १९९४ चा मूळ चित्रपट ‘द लायन किंग’ हाताने रेखाटलेला होता. दिग्दर्शक जॉन फाव्रो यांनी २०१९ मध्ये केलेली त्याची नवी आवृत्ती खऱ्या सिंहांशी हुबेहूब होतीच, शिवाय मूळ चित्रपटाशीही बरीचशी हुबेहूब होती, आणि अनेक समीक्षकांना हे दुसरे साम्य खटकले. दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स यांच्या ‘मुफासा’ची कथा नवी असल्याने तो आक्षेप गळाला, दृश्यांची भव्यता वाखाणली गेली, तरी एकूण मते संमिश्रच राहिली. खऱ्या सिंहाच्या चेहऱ्याला मुद्राभिनय साधत नाही, ही जुनी तक्रार पुन्हा झाली आणि गाणी पहिल्या चित्रपटाच्या तोडीची नाहीत, असेही अनेकांनी लिहिले. (प्रेक्षकांनी ते फारसे मनावर घेतले नाही, चित्रपटाने जगभरात ७० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.) ‘हुबेहूब’ आणि ‘जिवंत’ हे समानार्थी शब्द नाहीत, हे मराठी कान जाणतो: तसबीर हुबेहूब असूनही निर्जीव वाटते, आणि त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी तर ‘आगकाड्यांची मौज’मध्ये साध्या काड्यांना चालते-फिरते केले होते. अ‍ॅनिमेशनसाठी ‘सचेतनपट’ हा शब्द ज्यांनी योजला, त्यांना हा भेद नक्कीच ठाऊक असावा.

‘प्रीक्वेल’साठी काही जण ‘पूर्वरंग’ सुचवतात, पण कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असते आणि आख्यान उत्तररंगात येते, त्यामुळे तो शब्द उलटाच पडतो. ‘पूर्वकथा’ म्हटले की क्रमशः कादंबरीतील मागील भागांचा सारांश आठवतो, हे खरे. तरीही ‘मुफासा’त रफिकी हे माकड मूळ चित्रपटाचा नायक सिंबा याच्या लेकीला तिच्या आजोबांची, म्हणजे मुफासाची, गोष्ट सांगते, तेव्हा मी ‘पूर्वकथा’च लिहीन.