टेपसोबत रंगही आला हातात

प्रश्न: काका, रामबागेतलं आमचं घर जुनं. जेवणघराला कित्येक वर्षं पिस्ता ऑइल पेंट होता. चकाकी नको म्हणून गेल्या दिवाळीत त्यावर मॅट प्लास्टिक पेंट लावून घेतला. यंदा गणपतीची आरास उतरवताना टेपसोबत वीतभर पट्टी निघाली आणि खाली पिस्ता जसाच्या तसा! पुताईवाला म्हणतो, भिंतीत ओल आहे. आता काय करू? – एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, ओल असती तर पिस्ता रंगही फुगला असता. तो तुळतुळीत आहे ना? मग भिंतीला दोष नका देऊ. ऑइल पेंटवर पाण्यातल्या रंगाला धरायला काही मिळत नाही, तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा नुसता वर राहतो. घासून प्रायमर मारायला हवा होता. (हा आळस मीही स्वतःच्या घरी केलाय. मुलीनं चिकटवलेलं वेळापत्रक परीक्षेनंतर काढलं, तेव्हा अर्धी भिंत सोबत आली.)

नुसती लांबी (पुट्टी) भरून ती जागा झाकू देऊ नका, पुढच्या सणाला शेजारची निघेल. खरवडायच्या पत्र्यानं सुटेल तेवढा नवा रंग काढा. मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं भिंत पुसा, नाहीतर फोडणीचा तेलकटपणा घासताना भिंतभर पसरतो. त्यानंतर १८० नंबरचा पाणकागद (पाण्यात चालणारा सँडपेपर), आणि तो ओलाच. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाखांत ९० भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, तुमचा पिस्ता त्याआधीचा दिसतो. कोरडं घासून धूळ उडवायची नाही, लेकरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही, आणि चिखल ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचा.

किती घासायचं? रात्री दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत आडवा धरा. चमकेल तिथे अजून घासायचं.

प्रायमर स्वस्तातला नको, ऑइल पेंटवर चालतो असं डब्यावर लिहिलेलाच घ्या. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात नखानं खरवडून बघा. सुटला तर तिथेच थांबा. धरला असेल तर रंगाचे दोन हात.

आणि जेवणघरात मॅट कशाला, ताई? हळदीचं बोट पुसायला गेलात की डाग जातो, पण पुसलेली जागा चमकत राहते. साटिन, म्हणजे मंद चमकेचा रंग घ्या. मॅट बैठकीत लावा हौसेनं.