मानसशास्त्राची पदवी: खर्च मांडताना

मानसशास्त्राला प्रवेश घेण्यापूर्वी खर्चाचा हिशेब केवळ पदवीपुरता मांडू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्रपणे काम करायचे असेल, तर बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण, तज्ज्ञांच्या देखरेखीखालील प्रत्यक्ष काम आणि परवाना किंवा नोंदणी हे टप्पे पार करावे लागतात, आणि त्या काळात बुडणारी कमाईही खर्चातच धरावी लागते. नुसत्या पदवीवर मनुष्यबळ विभाग, बाजार संशोधन अशा नोकऱ्या मिळतात खऱ्या, परंतु तेथे स्पर्धा इतर शाखांच्या पदवीधरांशीही असते. म्हणून संख्याशास्त्राचा पेपर (जो अनेक विद्यार्थी कसाबसा उरकतात) मन लावून करा. प्रश्नावली तयार करून आलेल्या उत्तरांचे विश्लेषण स्वतः करणारा उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो. कर्ज काढणार असाल, तर पहिल्या पगारातून हप्ता भागेल का, हे आधीच तपासा.