फोटोमागची गोष्ट लिहायची असेल तर

आवडत्या फोटोंमागच्या गोष्टी लिहायला घेताय, जरूर लिहा. सुरुवातीला पाचच फोटो निवडा.

टिपण त्याच दिवशी करा, यावर सगळं अवलंबून आहे. फोटो काढून झाला की मोबाईलवर अर्धा मिनिट बोलून ठेवा: माणसाचं नाव, गाव, तो काय म्हणाला, चौकटीबाहेर काय चाललं होतं. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला 'मायग्रंट मदर' हा स्थलांतरित मजूर आईचा प्रसिद्ध फोटो टिपला, पण त्या आईचं नाव विचारलं नाही. ते जगाला 1978 मध्ये कळलं. कुटुंबाने गाडीचे टायर विकले, असंही लँग यांनी लिहिलं. कुटुंबाने ते नाकारलं. एवढ्या मोठ्या छायाचित्रकाराकडूनही हे होतं, म्हणून ऐकलेलं तिथल्या तिथे पडताळून घ्या.

आधीच्या-नंतरच्या फ्रेम उडवू नका. तुम्ही कुठून जवळ सरकलात, कशासाठी थांबलात, हे त्यांतच दिसतं. कॅमेऱ्याची तारीख-वेळही तपासा, नाहीतर क्रम चुकतो.

नेहमीच्या चुका:
- दिसतंय तेच लिहिणं. आजी हसतेय हे दिसतंच. कुणाकडे बघून हसली ते सांगा.
- समोरच्याच्या मनातलं आपणच ठरवणं.
- सेटिंगची जंत्री. शटरचा वेग 1/15 सेकंद ठेवला कारण फुगडीची गिरकी पुसट हवी होती, असं कारण असेल तरच लिहा.

प्रेरणा सांगताना नुसतं छायाचित्रकाराचं नाव पुरत नाही. खिडकीचा उजेड घेतलात की खालचा कोन, ते नेमकं लिहा.

एडिटिंग आणि मालिकेची मांडणी नंतर. आधी एका फोटोवर शंभर शब्द होऊ द्या.