ढगाचा तळ किती उंच?

प्रश्न : मी अकरावीत आहे, घर नाशिकजवळ सातपूरला. विमानांचं वेड आहे. ढगांवरून हवामान ओळखायला कुठून सुरुवात करू?

उत्तर : नावं पाठ करत बसू नकोस, ती होतात आपोआप. आधी ढगाचा तळ किती उंच आहे ते काढायला शीक. वैमानिकालाही तेच हवं असतं. पावसाळ्यात तुझ्याकडे आयती मोजपट्टी आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, नाशिक शहर साधारण ६००. माथा ढगात बुडाला, की तिथला तळ शहरापेक्षा जेमतेम ७०० मीटर वर, किंवा त्याहूनही खाली.

उन्हाळ्यात दुपारी पुंजक्या-पुंजक्यांचे ढग वर चढतात. तेव्हा तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) वजा कर आणि १२५ ने गुण. ३६ आणि २० अंश असतील तर तळ जमिनीपासून अंदाजे २,००० मीटरवर. पसरट पावसाळी ढगांना हा हिशेब लावू नकोस, फसशील.

पुंजका वाढत जाऊन त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला, तर तो क्युम्युलोनिम्बस, म्हणजे विजांचा गडगडाटी ढग. वैमानिक त्याला लांबून वळसा घालतात. तूही गच्चीवरून खाली ये. फोटो खिडकीतूनही निघतो.