फॅशनसाठी फ्रेंच, इटालियन की स्पॅनिश?

फॅशनच्या कामासाठी या तिन्ही भाषा एकदम शिकायच्या म्हणतेस? नको गं. एकच धर, आणि ती कामावरून ठरव. पॅरिसला शिकायचं असेल तर फ्रेंच. कापड, चामडं, बूट यांत रस असेल तर इटालियन. झारा हा कपड्यांचा ब्रँड स्पेनचा म्हणून लगेच स्पॅनिशमागे धावू नकोस, इथल्या एक्सपोर्ट हाउसमधला बहुतेक पत्रव्यवहार इंग्रजीतच चालतो.

सुरुवातीला एवढंच कर:
- फ्रेंच ठरलं तर पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. ए१, ए२ या पहिल्या दोन लेव्हल नीट कर. नुसत्या अ‍ॅपवर विसंबू नकोस.
- आकडे ऐकून लिहायचा सराव: मापं, मीटर, तारखा. फ्रेंचमधले सत्तरच्या पुढचे आकडे भल्याभल्यांना घाम फोडतात.
- साइझ. बायकांच्या कपड्यांत इटलीची ४२ म्हणजे फ्रान्सची ३८ आणि जर्मनीची ३६. भाषा फाडफाड येते पण हे ठाऊक नाही, तर सॅम्पल परत आलंच समज.

व्याकरण पक्कं होईपर्यंत गप्प बसणं ही नेहमीची चूक. बायरशी मोडकंतोडकं बोललेलं चालतं. दर आणि तारखा मात्र इंग्रजीत लेखी घे. सीव्हीत ‘फ्लुएंट’ नको, लेव्हल लिही. मुलाखतीत लगेच कळतं.

बी२ या वरच्या लेव्हलचं पुढच्या वर्षी बघू. तोवर भाषेच्या क्लासपायी पॅटर्न कटिंगचे तास बुडवू नकोस.