शाखा ठरवण्याआधी बडोदा फिरून बघ

सायली, "सायन्स की कॉमर्स?" हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेव. आधी माणसं कामं काय करतात ते बघ. कोयलीच्या रिफायनरीला केमिकल इंजिनिअर लागतात, तसेच लॅबमधले केमिस्ट, सेफ्टी ऑफिसर, अकाउंट्सवाले आणि वेल्डरही. कारखाना एकच, पण आत शिरायच्या वाटा पदवी, डिप्लोमा, आयटीआय अशा निरनिराळ्या. हे कुणी मुलांना सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कमाटीबागेतलं म्युझियम तुला आवडतं ना? सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये (१९५० पासूनची फॅकल्टी) चित्रकला, शिल्पकलेबरोबर संग्रहालयशास्त्रही शिकवतात. रेल्वेत रस असेल तर गतिशक्ती विश्वविद्यालय इथेच आहे.

सायन्सच घ्यायचं ठरलं तर गुजरात बोर्डातला अकरावी-बारावीचा ग्रुप जपून निवड: ए मध्ये गणित, बी मध्ये जीवशास्त्र. जेईईला गणित लागतं, नीटला जीवशास्त्र. एबी, म्हणजे दोन्ही, घेता येतो, पण अभ्यास चांगलाच वाढतो.

दांडिया बाजारातल्या आपल्या ओळखीच्या सीए काकांना भेट. पगार नंतर विचार, आधी विचार, "काका, काल दिवसभर नेमकं काय केलंत?" उत्तर वहीत लिहून ठेव. मग एखाद्या नर्सताईंना हेच विचार.