सिरपूरच्या चिखलातली ब्राह्मी कशी ओळखायची
अगं, तू पाठवलेलं रोप ब्राह्मी आहे का, हे उभ्याने वरून काढलेल्या फोटोवरून नाही सांगता येणार. इंदूरच्या सिरपूर तलावाचं पाणी उतरलंय तोवर परत जा, चिखलाजवळ गुडघे टेकून बस आणि आधी पानं बघ, जलब्राह्मीची, म्हणजे आपण शोधतोय त्या ब्राह्मीची, पानं समोरासमोर, छोटी, जाडसर, टोकाला गोल नि खाली निमुळती, आणि दांडी सरपटत जाते, पेरापेराला मुळं सोडत. पण मला विचारशील तर खरी खूण फुलात आहे, पाच पाकळ्या जवळजवळ सारख्या, पांढरट-जांभळट, आत पुंकेसर चार. वर-खाली दोन ओठ स्पष्ट दिसले तर बहुतेक लिंडर्निया, म्हणजे वेगळीच वनस्पती. मंडूकपर्णीचं पान गोल, लांब देठाचं, तिलाही लोक ब्राह्मीच म्हणतात म्हणून सगळा घोळ. फुलाशेजारी नाणं ठेवून फोटो काढ, आणि प्लीज उपटू नकोस, २०२२ पासून हा तलाव रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.